घरचा मिस्त्री

"मालक, मी उघडून बघू का?"

इरप्पा एवढंच बोलला होता, आणि तेही चांगुलपणानं. पुढची सहा वर्षं तो त्या एका वाक्याखाली दबून राहिला.

तेव्हा राज्य निजामाचं होतं, आणि हळ्ळीखेडात फटफटी एकच होती, अंकुशरावांची. बदली होऊन निघालेल्या एका तालुकदार साहेबाकडून त्यांनी ती जुनीच घेतली होती. अंकुशराव दोनशे एकरांचे धनी. माणूस वाईट नव्हता. कुणाला शिवी नाही, कुणावर हात उगारणं नाही. फक्त घरातून पैसा बाहेर जायला निघाला की त्यांच्या पोटात दुखायचं. चुलीतली राख कुणाला द्यायची तरी आधी एकदा चाळून बघतात, असं गावातल्या बाया म्हणायच्या, आणि त्या अगदीच खोटं बोलत नव्हत्या.

इरप्पा त्यांचा सालगडी. जातीचा धनगर. बापाची ऐंशी मेंढरं होती, ती एका पावसाळ्यात रोगानं गेली, तेव्हा काठी कोपऱ्यात उभी करून हा मालकाच्या गोठ्यावर लागला. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्यालाच संपतं. त्या सकाळी मालक ओट्यावर ताट घेऊन बसायचे, ताटात विडे. एकेका गड्याचं काम आणि नाव घ्यायचं, औताचा नागप्पा, गुरांचा राघोबा, आणि विडा पुढं करायचा. त्यानं तो घेतला की वर्षभर त्या कामाला बांधला गेला. कागद नाही, अंगठा नाही. पण विडा घेऊन मध्येच निघून गेलेल्या माणसाला आजूबाजूच्या दहा गावांत कुणी दारात उभं करत नसे. इरप्पाचं साल होतं पन्नास रुपये हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यात, महिन्याचे जोंधळे, एक घोंगडी, वहाणांचा एक जोड, आणि गोठ्याला लागून एक खोली. त्या खोलीत तो आणि त्याची बायको रेणुकाबाई.

पहिल्या वर्षी फटफटी तपासणीला हैदराबादला गेली, कंपनीच्या दुकानात. मालडब्यात तिच्याजवळ राखण म्हणून इरप्पाला बसवलं होतं. दुकानाच्या मागच्या अंगणात तो तीन दिवस उकिडवा बसून मिस्त्रीचे हात बघत राहिला. ऐंशी मेंढरांत कुठली लंगडायलीय आणि कुठलीचं कोकरू दूध पीत नाही, हे लांबून ओळखणारी नजर ती. कुठला स्क्रू कुठल्या भोकातून निघाला, हे त्यानं लक्षात ठेवायला म्हणून ठेवलं नाही, ते आपलं राहिलं. बिल झालं एकसष्ट रुपये. रेल्वेचं भाडं वेगळं. परतीच्या गाडीत अंकुशराव बिदर येईपर्यंत ते बिल उलटंसुलटं करून बघत होते.

दुसऱ्या वर्षी फटफटी खोकायला लागली. मालक ओट्यावर कपाळ धरून बसले. जेवले नाहीत. इरप्पाला त्यांची दया आली, आणि तो ते वाक्य बोलून गेला.

उघडली ती बरी उघडली. कंपनीत डबाबंद तेल घालत, ह्यानं घाण्यावरचं एरंडेल गाळून घातलं. झडपा घासायला तिथं डबीतला मलम असायचा. ह्यानं विळ्यांना धार लावणाऱ्याकडून कुरुंदाची पूड आणली, धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळली आणि बोटानं लावून झडपा घासल्या. आतली काजळी खरवडायला लोखंड वापरलं नाही. लोखंडानं ओरखडे पडतात, म्हणून मेंढ्याच्या शिंगाचं पातं करून घेतलं. तेल गळायचं तिथं घोंगडीचा तुकडा कातरून बसवला. सगळा खर्च रॉकेलच्या दोन बाटल्या आणि कुरुंदाचे चार आणे. अंकुशराव त्याच दिवशी हुमनाबादेला जाऊन आले, आणि कापडाच्या दुकानात, तेलाच्या दुकानात, न्हाव्याकडं, जिथं बसले तिथं तो खर्च सांगत सुटले.

पुढच्या पाडव्याला विडा पुढं करताना ते म्हणाले, "फटफटीचा इरप्पा." गड्यांत हसू पिकलं. रेणुकाबाईनं त्या दिवशी गुळातल्या शेवया केल्या. नवऱ्याच्या हातचं शेण सुटलं म्हणून तिला बरं वाटलं होतं. शेणाच्या जागी आता तेलाचा वास येतोय आणि तो धुतल्यानं जात नाही, हे तिला हळूहळू कळलं.

कारण शेणातल्या माणसाला सांजच्याला सुट्टी असते. फटफटीचा माणूस फटफटीबरोबर. मालक कचेरीला निघाले की इरप्पा मागं, पान्यांची पिशवी मांडीवर. मालक लग्नाला निघाले की इरप्पा मागं. आडवाटेला बंद पडली तर? वर्षा दोन वर्षांत त्यानं हुमनाबाद बघितलं, बिदर बघितलं, चिटगुप्पा बघितलं, पण बघितली ती मालकाच्या कोटाची पाठीवरची शिवणच. मादन हिप्परग्याला त्याच्या सख्ख्या बहिणीचं लग्न झालं. त्या दिवशी मालकांना मोजणीच्या साहेबाकडं जायचं होतं. रेणुकाबाई एकटी गेली आणि आली. आल्यावर आहेराचं लुगडं तेवढं त्याच्यापुढं ठेवलं.

मालकाच्या पाव्हण्यांची पाणी ओढायची यंत्रं, कुणाची शिवणकामाची मशीन, कुणाचं घड्याळ, हेसुद्धा गोठ्यावर यायला लागलं. मालक हौसेनं म्हणायचे, घेऊन या, आमचा इरप्पा आहे. पाव्हणे चहा पिऊन मालकाचे उपकार मानून जायचे.

अशात रेणुकाबाईचा भाऊ भीमण्णा कलबुर्गीहून आला. तो तिथं कापडाच्या गिरणीत होता. म्हणाला, गिरणीत फिटरच्या हाताखाली एक जागा होणार आहे. महिन्याला बावीस रुपये हाली. मुकादमाशी बोलून ठेवलंय, पण पाडव्यानंतर आठ दिवसांत हजर व्हायला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याची.

महिन्याला बावीस. इरप्पानं तो आकडा दोनदा विचारून घेतला. मग मालकाकडं गेला. मालकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, जा की, तुला कोण बांधून ठेवलंय. फक्त तुझ्याजागी एक माणूस तयार कर. इरप्पानं नागप्पाला बसवलं. पहिल्याच दिवशी नागप्पाच्या हातून एक स्प्रिंग उडाली ती उकिरड्यात, आणि दोन दिवस दोघं उकिरडा उपसत बसले. तिसऱ्या दिवशी नागप्पा हात जोडून म्हणाला, "बाबा, मला बैल हाकू दे. त्यास्नी निदान माझी भाषा समजतीय."

मग इरप्पानं डोकं चालवलं. मालक आपल्याला सोडत नाहीत ते का? कंपनीचे एकसष्ट रुपये वाचतात म्हणून. तर फटफटी एकदा कंपनीच्याच हातात जाऊ दे. तिथला मिस्त्री म्हणेल, कुणा अडाण्यानं उघडून वाट लावलीय. मालकांचा आपल्यावरचा विश्वास उडाला की आपण सुटलो. चार लोकांत नाक कापलं जाईल, पण कलबुर्गीत ते कुणाला दिसतंय?

तो मालकांना जाऊन म्हणाला, आतून कसलासा आवाज येतोय, माझ्याच्यानं व्हायचं नाही, कंपनीला दाखवा. अंकुशरावांनी तो आवाज चार दिवस कान लावून ऐकला. आवाज नव्हताच, पण एकदा सांगितल्यावर त्यांना तो ऐकू यायला लागला. शेवटी पाडव्याच्या आधी दहा दिवस हैदराबादला जायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी इरप्पा फटफटीजवळ बसला होता. नुसता बसला होता. मनात होतं की एखादा स्क्रू सैल करावा, दोन मुठी धूळ आत जाऊ द्यावी, झालं काम. हातात पाना धरून तो बराच वेळ बसला. मग त्याला टाकीवर चिखलाचा एक शिंतोडा दिसला. तो त्यानं पुसला. परक्या गावात, परक्या माणसांपुढं जायचंय, निदान वरून स्वच्छ असावी. वरून पुसल्यावर साखळी काळी दिसायला लागली, ती रॉकेलनं धुतली. साखळी काढली म्हणताना चाक काढलं. आणि चाक काढलंच आहे तर, म्हणून इंजिनाचं डोकंही उघडलं.

रेणुकाबाई भाकरी घेऊन आली तर फटफटीचा अर्धा संसार घोंगडीवर मांडलेला, आणि नवरा शिंगाच्या पात्यानं आतली काजळी काढण्यात गुंग. ती दारातच थांबली.

"आवं, काय करायलाव?"

"कुठं काय. जरा पुसायलोय."

"पुसायलाव?" ती म्हणाली. "सासरी धाडायलाव का तिला? वेणीफणी तेवढी ऱ्हायलीय बघा."

इरप्पानं वर बघितलं नाही. त्यालाही कळत होतं. पण मेंढरू विकायला न्यायचं तरी धनगर ते आधी ओढ्यावर नेऊन धुतो, गिऱ्हाईक खाटीक असला तरी धुतो. ते त्याच्या हाताला माहीत होतं, आणि हात त्याचं ऐकत नव्हते. दिवस कलेपर्यंत त्यानं झडपा घासल्या, दट्ट्या आरशासारखा केला, सगळं जागच्या जागी बसवलं. रेणुकाबाईनं भाकरी त्याच्यापाशी ठेवली आणि आत जाऊन कलबुर्गीला न्यायचं म्हणून बांधलेलं गाठोडं सोडलं. भांडी परत फळीवर लावली. तिला पुढचं दिसलं होतं.

हैदराबादच्या दुकानात म्हाताऱ्या मिस्त्रीनं फटफटी उघडली. बराच वेळ आत बघत राहिला. मग चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"साब, इसमें हमारे करने का कुछ बी नई है," तो अंकुशरावांना म्हणाला. "जिने खोला, हमसे अच्छा खोला. एक खरोंच नई है." मग इरप्पाकडं वळला. "कौनसे कारखाने में सीका रे?"

"हमारे गोठे में," अंकुशराव म्हणाले. त्यांची छाती अशी फुगली होती की कोटाची गुंडी तुटते की काय वाटावं.

मिस्त्रीनं एरंडेलाचा वास घेतला आणि हसला. गोरे लोक शर्यतीच्या गाडीत हेच घालतात म्हणाला. इरप्पाच्या पाठीवर त्यानं थाप मारली. कुणी आपल्या कामाची अशी पारख केली म्हणून माणसानं खुश व्हावं. इरप्पा खुश झालाही, आणि त्याच वेळी सुटायची वाटही बंद झाली. बघणावळीचे पाच रुपये देऊन तिघं निघाले, मालक, इरप्पा आणि फटफटी.

परतीच्या गाडीत मालकांनी त्याला आपल्या डब्यात बसवून घेतलं, स्वतःच्या शिदोरीतल्या पुऱ्या दिल्या. तेवढ्यानं धीर येऊन इरप्पा म्हणाला, "मालक, दरसाल एकसष्ट वाचत्यात न्हवं?"

"वाचत्यात की."

"मंग त्यातलं काय मला..."

अंकुशराव मनापासून हसले. त्यांना राग नाही आला. "अरे येड्या, कंपनी परकी हाय. परक्याला मोजून द्यावं लागतंय. तू घरचा. घरच्याला कुणी बिल देतंय व्हय?"

कुणी शिवी दिली असती तर उलट बोलता आलं असतं. घरचा म्हटल्यावर माणूस कुठं जाणार? पाडव्याला विडा पुढं आला आणि इरप्पाचा हात आपसूक पुढं गेला. गिरणीतली जागा आळंदच्या एका पोराला मिळाली, असं भीमण्णानं कळवलं.

पुढच्या साली जर्मनच्या लढाईपायी पेट्रोल मिळेनासं झालं. फटफटी गोठ्यात लाकडी ठोकळ्यांवर चढली. इरप्पाला वाटलं, आता तरी. तो पुन्हा गेला. अंकुशराव म्हणाले, लढाई काय जन्मभर चालती व्हय? उद्या पेट्रोल आलं आणि गाडी आतून गंजून धरलेली निघाली तर मी कुणाकडं बघू? उभ्या गाडीला जास्तच जपावं लागतं.

तेही खरंच होतं. म्हणून दर सोमवारी इरप्पा फटफटीजवळ बसून हातानं चाक फिरवायचा. एकवीस फेरे, म्हणजे दट्ट्या धरत नाही. पेट्रोल नाही, आवाज नाही, कुठं जाणं नाही. ठोकळ्यावरची गाडी आणि खालचा माणूस, दोघं जागच्या जागी. दोन वर्षं असं चाललं. रेणुकाबाई शेजारून पाण्याला जाताना म्हणायची, "जात्यात दाणं न्हाईत आन् दळण चाललंय." पहिल्या वर्षी ती हे हसून म्हणायची. दुसऱ्या वर्षी ती काही म्हणेनाशी झाली, आणि ते इरप्पाला जास्त लागलं.

माघात मालकाच्या शेतात मेंढरं बसवायला धनगरांचा तळ आला होता. खतासाठी बसवतात तशी. पंधरा दिवस राहिले. निघायच्या दिवशी सोमवार होता. इरप्पा गोठ्यातून चाक फिरवता फिरवता त्यांच्याकडं बघत होता. बायांनी पालाच्या मेखा उपटल्या, काठ्या एकत्र बांधल्या, वाकळांच्या घड्या घातल्या, मडकी वाकळांत गुंडाळली. घटका दोन घटकांत सगळं घर घोड्याच्या पाठीवर. जमिनीवर चुलीचे तीन दगड तेवढे राहिले. त्याच्या आईनं असं घर किती वेळा बांधलं असेल, त्याला मोजता आलं नसतं. उभं असतं तिथं राखण लागते. बांधून ठेवल्यावर कशाची राखण?

त्याचा हात चाकावर तेराव्या फेऱ्याला थांबला.

दुसऱ्या दिवशी तो मालकांना म्हणाला, "उभी ऱ्हाऊन गंजायलीय, मालक. समदी उघडून तेलात घालून ठिवतो. खर्च एरंडेलाचा तेवढा." फुकटच्या कामाला अंकुशराव नाही म्हणाल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

चार दिवस लागले. ह्या वेळी हातांवर त्यानं काही जुलूम केला नाही, त्यांना हवं तसं काम करू दिलं. एकेक भाग धुतला, पुसला, एरंडेलात बुडवला, तेलकट फडक्यात बांधला. लिहिता येत नव्हतं म्हणून प्रत्येक पुडक्याला लोकरीचा दोरा आणि दोऱ्याला गाठी. पहिल्यांदा बसवायचा त्याला एक गाठ, त्यानंतरचा त्याला दोन. रेणुकाबाईनं न विचारता शेजारी बसून गाठी मारल्या. लिंबाचा पाला घालून सगळं दोन कणग्यांत रचलं आणि वरून शेणानं लिंपून टाकलं. मालकांनी बघितलं, बियाणं ठेवतात तसं ठेवलंस की रे म्हणाले, खुश झाले.

पाडव्याला ताट आलं. नागप्पानं घेतला, राघोबानं घेतला. अंकुशराव म्हणाले, "फटफटीचा इरप्पा."

इरप्पा हात मागं बांधून उभा होता. "फटफटी कुठं हाय, मालक? कणगीत हाय."

"मग पेट्रोल आल्यावर ती बांधणार कोण?"

"कंपनी बांधंल. कणग्या मालडब्यात घालून धाडा, गाठी लावलेल्या हायत्या, त्यास्नी सोपं जाईल. एकसष्ट रुपये घेत्यात." तो थांबला नाही. "मला बसवून ठिवायचं तर वर्साला पन्नास, वर जोंधळे, घोंगडी, वहाणा. लढाई आणिक तीन वर्सं चालली तर? तुमीच धरा."

अंकुशरावांचे ओठ हलायला लागले. ते धरत होते. तीन साल, जोंधळे, चार घोंगड्या नव्हे, तीन. त्यांना राग आला होता, वाईटही वाटलं होतं, आणि त्या दोन्हींच्या मधून हिशेब आपल्या वाटेनं चालला होता. शेवटी त्यांनी विडा ताटात परत ठेवला.

"पुढं कधी अडलं तर येशील का?" त्यांनी विचारलं.

"येईन की," इरप्पा म्हणाला. "परका म्हणून बोलवा."

त्या दिवशी सांजच्या आत खोली रिकामी करावी लागली. हुमनाबादेपर्यंत नागप्पानं बैलगाडीनं सोडलं, पुढं मोटार.

गिरणीत फिटरची जागा नव्हती. यंत्रांना तेल घालणाऱ्यांत घेतलं, बावीस नाही, सोळा. सकाळी भोंगा झाला की लोखंडी फाटक लागायचं, संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत उघडायचं नाही. आत खिडक्या उंच, हवेत कापूस, आणि आवाज असा की शेजारच्याला ओरडून सांगावं. पहिल्या दिवशी रात्रीच्या जेवणाला बसल्यावर भीमण्णानं विचारलं, कसं वाटतंय दाजी? इरप्पा म्हणाला, जाळीच्या वाघरात मेंढरं कोंडतात तसं. रेणुकाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "भोंगा झाला की सरळ घरी येत जावा. कुठलं काय खडखडतंय म्हणून बघत बसू नका."

तीन दिवस तो सरळ आला. चौथ्या दिवशी भोंगा झाला, माणसं आली, भीमण्णा आला, इरप्पा नाही. रेणुकाबाईनं थोडी वाट बघितली. मग भाकरी फडक्यात बांधून गिरणीच्या फाटकापाशी गेली. फाटकावरचा म्हातारा म्हणाला, एका मागाचा आवाज बिघडलाय, तो नवा तेलवाला त्याच्याखाली शिरून बसलाय.

"मुकादमानं बसवलं का स्वतःच बसले?"

"स्वतःच म्हणला, बघतो म्हणून."

रेणुकाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. फाटकाच्या गजांतून आत बघितलं. आत काही दिसत नव्हतं.

"ह्याचं काय मिळतंय का त्यास्नी?"

म्हातारा म्हणाला, "ज्यादा तासाचे दोन आणे. वहीत लिहून घेतलंय."

ती फाटकाजवळच्या दगडावर बसली, फडकं सोडलं, आणि दिवसभर पोटात काही नव्हतं म्हणून त्याच्या वाट्यातली अर्धी भाकरी मोडून खायला लागली.